आतले शॉक बाहेर

पाट्यांवर चालणारा कुठलाही पिकअप ट्रक मागून खाली वाकून पाहावा. आडवा ॲक्सल, मधे डिफरन्शियलचा गोळा, दोन्ही बाजूंना पाटे. पाटे आपल्याला नवे नाहीत. बोलेरो पिकअपला मागे तेच आहेत आणि २०२० मध्ये नवी थार येईपर्यंत थारलाही तेच होते. पाहायचे आहेत ते शॉक. टोयोटाच्या जुन्या टॅकोमामध्ये ते चासीच्या दोन लांब पट्ट्यांच्या आतल्या बाजूला बसवलेले असतात, वरची टोकं गाडीच्या मध्याकडे झुकलेली. शिवाय एक ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे. वाळवंटात वेगाने ट्रक पळवणारे लोक हे शॉक तिथून उपटतात आणि चासीच्या बाहेर, टायरला जवळजवळ खेटून बसवतात.

कॅलिफोर्नियात माझ्या एका मित्राने २००८च्या टॅकोमावर हे काम करून घेतलं. सॅन होकिन खोऱ्यात, बदामाच्या बागांच्या कडेला, एका फॅब्रिकेटरची पत्र्याची शेड आहे, तिथे. ट्रक फ्रीमॉन्टच्या त्या कारखान्यात तयार झालेला, जो टोयोटा आणि जनरल मोटर्सने १९८४ पासून मिळून चालवला, २०१० मध्ये बंद झाला आणि पुढे टेस्लाकडे गेला. फ्रीमॉन्टमध्ये आता मराठी माणसाला मराठी माणूस सहज भेटतो, आमची ओळखही तिथलीच. मी स्वतः पाना हातात धरला तो फक्त कुणाला तरी देण्यासाठी. बाकी वेळ बघत होतो.

कंपनी शॉक आत का ठेवते याला सरळ कारणं आहेत. बाहेर टायरला जागा लागते, बर्फाच्या प्रदेशात टायरला साखळ्या बांधाव्या लागतात. आत असलेल्या शॉकवर टायरने उडवलेले दगड बसत नाहीत. शिवाय चासीचा आडवा क्रॉसमेंबर तिथे आयताच असतो, त्याला एक ब्रॅकेट लावलं की भागलं. वीट, सिमेंट किंवा आठवड्याचं सामान वाहणाऱ्या ट्रकला एवढं पुरतं.

अडचण होते ती एकच चाक उचललं जातं तेव्हा. दोन्ही मागची चाकं एकदम एकाच उंचवट्यावर चढली तर शॉक आत असला काय नि बाहेर असला काय, तो ॲक्सलबरोबर सारखाच दबतो. पण एक चाक दगडावर आणि दुसरं सपाटीवर असेल, तेव्हा ॲक्सल तिरका होतो आणि मध्याजवळचा शॉक कमी हलतो. जात्याचा खुंटा कडेला असतो तो उगाच नाही. मधल्या मेखेजवळ ठोकला असता तर दळणारीच्या खांद्यांचं काय झालं असतं, तेच इथे शॉकचं होतं. आकडे मांडून पाहू. चाकं मध्यापासून ८० सेंटीमीटरवर आहेत, शॉक ३५ वर. एक चाक २० सेंटीमीटर उचललं तर त्या बाजूचा शॉक साधारण साडेचौदा सेंटीमीटरच दबेल. तोच शॉक ५५ वर नेला तर सतरा.

अडीच सेंटीमीटरसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण गाडीचं डोलणं आवरताना अंतराचा फायदा दोनदा मिळतो. शॉक बाहेर असल्याने तो जास्त वेगाने हलतो, म्हणून जास्त जोर लावतो. आणि तो जोर जास्त लांबीच्या तरफेवर लागतो. ३५ चे ५५ झाले की डोलण्याला होणारा विरोध जवळजवळ अडीच पट होतो, शॉक तोच ठेवूनही. झुकावाचंही असंच. शॉक ४५ अंशांत कललेला असेल तर त्याचा परिणाम निम्म्यावर येतो, १५ अंशांत असेल तर शंभरातले त्र्याण्णव टिकतात. आणि आत झुकलेला शॉक ॲक्सल वर येईल तसा अजूनच आडवा होत जातो. म्हणजे सर्वांत मोठ्या धक्क्याला, नेमकी गरज असते तेव्हा, तो सर्वांत कमी कामाचा.

हे ज्ञान फक्त शर्यतवाल्यांकडे राहिलं असंही नाही. फोर्डने २००४च्या एफ-१५० मध्ये मागचे शॉक कारखान्यातच चासीच्या बाहेर नेले, आणि २०१०च्या मॉडेलपासून आलेल्या रॅप्टरमध्ये त्याच जागी फॉक्स कंपनीचे जाड, वाळवंटी शॉक दिले. पण मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटात १९६७ पासून जी हजार मैलांची म्हणून ओळखली जाणारी शर्यत चालते, तिने या विषयातली बरीच अक्कल पुरवली हे नाकारता येत नाही. तासन् तास लाटांसारख्या उंचवट्यांवरून जाताना शॉकमधलं तेल इतकं तापतं की ते पातळ होतं, फेसाळतं आणि शॉक नुसता पंप होऊन राहतो. म्हणून मित्राने घेतलेले शॉक अडीच इंच जाडीचे, बारा इंच स्ट्रोकचे, बाजूला वेगळी टाकी असलेले होते. त्या टाकीत नायट्रोजन भरतात, दाब चौरस इंचाला २०० पौंडांच्या आसपास, म्हणजे तेलात बुडबुडे धरत नाहीत.

शॉक आधी विकत घ्यायचे आणि मग जागा शोधायची, असा बहुतेकांचा क्रम. फॅब्रिकेटरला तो मुळीच पसंत नव्हता. त्याने नवे शॉक खोक्यातच राहू दिले. पहिल्यांदा ट्रक सपाट फरशीवर उभा करून ॲक्सल आणि चासी यांच्यातलं अंतर मोजलं, कारण गाडी रोज ज्या उंचीवर उभी राहते तोच सगळ्या हिशेबाचा पाया. मग पाटे उघडले, प्रत्येक बाजूचा मुख्य पाटा तेवढा ठेवला. सगळे पाटे बांधलेले असले तर ॲक्सल वर ढकलायला गाडीचंच वजन अपुरं पडतं. एकाच पाट्यावर तो जॅकने हवा तसा खालीवर होतो. चाकं मात्र लावूनच ठेवली. टायर काढून माप घेणाऱ्यांबद्दल त्याने जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

शॉकच्या जागी त्याने एकात एक सरकणारे दोन पाइप लावले. त्यांवर दोन खुणा: पूर्ण दबलेली लांबी आणि पूर्ण ताणलेली. ॲक्सल आधी सरळ वर, मग सरळ खाली. मग एक बाजू वर, दुसरी खाली, आणि उलट. दर वेळी तो टायर, पाइप, चासी, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, एबीएसची तार या प्रत्येकावर टॉर्च मारून बघायचा. दुपारपर्यंत वेल्डिंगची एक ठिणगी पडली नव्हती. मित्र अस्वस्थ. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अरे, हा तासावर पैसे घेतो रे."

पण खरी अडचण त्या तिरक्या स्थितीतच सापडली. चाक एकट्याने वर जातं तेव्हा ते सरळ वर जात नाही. ॲक्सल अखंड असल्याने वर गेलेल्या चाकाचा माथा आत, चासीकडे कलतो. गाडी सपाटीवर असताना पाइपच्या वरच्या भागात आणि टायरमध्ये तीन बोटं मावत होती, तिरक्या स्थितीत एकही मावेना. शॉकची जाडी आणि वेगळ्या टाकीकडे जाणारी नळी धरली तर टायर घासणार हे उघड होतं. उपाय दोन: शॉक थोडा आत घ्यायचा, किंवा बाहेर बसणारी रिम लावायची. रिम फार बाहेर नेली तर बेअरिंगवर ताण वाढतो. शेवटी थोडं हे आणि थोडं ते झालं. या कामात कुणालाच मनासारखी जागा मिळत नाही.

शॉकच्या खालच्या टोकाची जागाही तशीच अडचणीची. पाट्याची बैठक आणि ब्रेकची मागची तबकडी यांच्यामध्ये ॲक्सलच्या नळीचा जो तुकडा उरतो, तेवढाच. या टॅकोमाला मागे ड्रम ब्रेक, म्हणजे तो भाग फुगीर. ब्रॅकेट खाली लोंबलं तर शॉक लांब घेता येतो, पण मग पहिल्याच मोठ्या दगडावर तेच अडकतं. म्हणून ते ॲक्सलच्या मध्यरेषेच्या जरा वर घेतलं, आणि तेवढी लांबी वरून काढावी लागली. वर काय, तर हौद्याच्या आतल्या बाजूचा चाकावरचा फुगवटा. या पिढीच्या टॅकोमाचा आतला हौदा पत्र्याचा नाही, काचतंतू घातलेल्या कंपोझिटचा आहे. शॉकची वरची टोकं न्यायला तो कापावा लागला. कापताना उडालेल्या धुळीने दोन दिवस हात खाजत राहतात. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

त्यानंतरचं काम बघायला देखणं. या टॅकोमाची चासी पुढे बंद पेटीसारखी असते, पण मागे इंग्रजी सी अक्षरासारखी एका बाजूने उघडी. शॉकचा जोर आता या पट्टीच्या बाहेर लटकणार, म्हणजे प्रत्येक धक्क्याला पट्टी पिळली जाणार. म्हणून आधी उघड्या बाजूला प्लेट वेल्ड करून तिथली पेटी केली. मग दोन्ही बाजूंना शॉकची वरची टोकं धरणाऱ्या कमानी बसवल्या आणि त्या आडव्या पाइपने एकमेकींना जोडल्या, म्हणजे पीळ एका पट्टीवर न राहता दोघींत वाटला जातो. कमानीच्या पायाखालची प्लेट त्याने चौकोनी ठेवली नाही, दोन्ही टोकांना निमुळती कापली. चासीच्या पट्टीवर वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत वेल्डिंग मारलं की भेग नेमकी त्या रेषेत जाते. निमुळत्या टोकाने ताण हळूहळू उतरतो. आधी सगळीकडे फक्त तात्पुरते टॅक मारले, पाइप पुन्हा लावले, ॲक्सल पुन्हा सगळ्या स्थितींतून फिरवला. मगच बॅटरी सोडली, इंधनाच्या टाकीवर ओलं जाड कापड टाकलं, अग्निशामक हाताशी ठेवला.

ॲक्सलवरच्या वेल्डिंगला तो सर्वांत हळू होता. नळीच्या एकाच बाजूला सलग गरम वेल्डिंग केलं तर ती थंड होताना त्या बाजूला ओढली जाते. डोळ्याला दिसत नाही, पण ऑइल सील गळू लागतात, बेअरिंग लवकर जातात. त्यामुळे एक इंच इथे, एक इंच पलीकडच्या बाजूला, मग हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत थांबायचं. या थांबण्यात त्याने आम्हाला त्याच्या कुत्र्याचं पूर्ण चरित्र सांगितलं.

शेवटी बंपस्टॉप आणि ॲक्सल चासीला बांधणारे पट्टे. शॉक स्वतः पूर्ण दबण्याआधी ॲक्सल बंपस्टॉपला टेकला पाहिजे आणि पूर्ण ताणला जाण्याआधी पट्टा आवळला पाहिजे. शॉकने धक्का शोषायचा असतो, ॲक्सल अडवायचा नसतो. हे दोन्ही विसरले तर नवे महागडे शॉक पहिल्याच सहलीत आतून फुटतात.

बागेच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर आम्ही तिघे बसून निघालो. खड्ड्यात एक मागचं चाक गेलं की पूर्वी हा ट्रक दोनदा-तीनदा डुलायचा आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याचं डोकं काचेवर आपटायचं. आता एकदाच हलला आणि बसला. मित्र खूश. फॅब्रिकेटर मात्र गंभीर. बारीक, एका बाजूच्या खड्ड्यांवर गाडी कडक लागत होती, कारण शॉकची तरफ वाढली होती. परत आल्यावर त्याने नायट्रोजन सोडला, शॉक उघडला, पिस्टनवरच्या पातळ चकत्यांच्या, म्हणजे शिमच्या, चळतीतून काही काढल्या, जागा बदलल्या. त्यानंतरची फेरी मऊ होती आणि डोलणं तरीही आवरलेलं.

एक गोष्ट बिघडली ती सांगितलीच पाहिजे. मूळचे शॉक एक पुढे, एक मागे असल्याने जोरात चढ चढताना ॲक्सलला येणारा पीळ थोडा आवरला जायचा. आता दोन्ही ॲक्सलच्या मागे आले. हॉलिस्टर हिल्सच्या खडकाळ चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं टपटप उडू लागतात. त्यावर ट्रॅक्शन बार हा उपाय आहे, म्हणजे आणखी वेल्डिंग, आणखी बिल. मित्राने ते पुढे ढकललं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. जॉन्सन व्हॅलीसारख्या उघड्या वाळवंटात दिवसभर वेगाने पळणाऱ्या ट्रकला हे काम पैसे वसूल करून देतं. महिन्यातून एकदा चिखलात जाणाऱ्याने मूळच्याच जागी चांगले शॉक आणि नवे बुश बसवावेत. निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात. आणि हे वाचून पुण्या-नाशिकात कुणी ग्राइंडर शोधू लागलं असेल तर त्याच्यासाठी: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे. चासीला हात लावण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारा.