वांसद्याच्या अरण्यात जाण्यापूर्वी

सुरत म्हटले की कापड, हिरे आणि तापीकाठची गजबज डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु या शहराच्या आग्नेयेस, सुमारे शंभर किलोमीटरांवर, अंबिका नदीच्या काठी वांसद्याचे घनदाट अरण्य उभे आहे, याची कल्पना पुष्कळांना नसते. पूर्वी ते वांसदा संस्थानच्या अधिपतींच्या खाजगी मालकीचे होते. १९५२ पासून तेथे वृक्षतोड झालेली नाही. १९७९ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

या उद्यानाचे क्षेत्र जेमतेम २४ चौरस किलोमीटर आहे. प्रवासाचा बेत आखणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. एका नर वाघालाही वावरासाठी बहुधा याहून अधिक अरण्य लागते. येथे आज वाघ नाही. थोड्या जागेत भागवणारा बिबट्या मात्र टिकून आहे. चार शिंगांचा चौशिंगा आणि अजगर हेही येथील रहिवासी होत. हमखास वाघ पाहण्याच्या इच्छेने जाणारा निराश होईल. साग-बांबूंची दाट छाया अनुभवू इच्छिणारा तृप्त होऊन परतेल.

पावसाळ्यात येथे मुसळधार वृष्टी होते व वाटा निसरड्या बनतात. पावसाळा सरल्यावर ओढे वाहते असतात आणि बांबू हिरवागार असतो. हिवाळ्याच्या अखेरपर्यंतचा हा काळ उत्तम. उन्हाळ्यात सागाची पाने गळतात, त्यामुळे दृष्टी दूरवर पोहोचते. पण त्याच वाळलेल्या पाचोळ्यावर विडीची एक ठिणगी पडली, तर एवढ्याशा अरण्यात प्राण्यांनी पळावे कोठे?

जाण्यापूर्वी वनखात्याकडे प्रवेशाची व परवान्याची चौकशी अवश्य करावी. मुक्कामाला जवळचे वघई गाव सोयीचे. बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत गायकवाडी अमदानीत घातलेला ६३ किलोमीटरांचा अरुंद लोहमार्ग आहे; गाडीची वेळ आधी विचारून घ्यावी. नाशिककरांना सापुताऱ्याचा घाट उतरून येता येते.

पिण्याचे पाणी, मजबूत पादत्राणे, मंद रंगाचे कपडे व विजेरी जवळ असावी. स्थानिक वाटाड्या घ्यावाच. डांगी बोली मराठीला बरीच जवळची असल्याने मराठी प्रवाशाला त्याच्याशी संभाषण करणे कठीण जात नाही. कोणत्या झाडाचा काय उपयोग आणि कोणते पाऊल कोणाचे, हे त्याच्याइतके दुसरा कोण सांगणार? त्याने थांबण्याची खूण केली की थांबावे, बोलणे बंद करावे आणि नेलेला कचरा परत आणावा.