मेंदूला मार लागलेलं मूल: बरं झालं हे कुणी ठरवायचं?

अपघातात डोक्याला मार लागलेलं मूल घरी येतं, चालतं-बोलतं, सीटी स्कॅनमध्येही काळजीचं काही दिसत नाही, आणि ‘पोर बचावलं’ म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. इजा किती गंभीर हे कळलं की पुढचं आयुष्य कसं जाईल हेही कळलं, असं आपण गृहीत धरतो. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांची १९७४ ची ग्लासगो कोमा स्केल डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल पाहून ३ ते १५ गुण देते. ८ किंवा त्याखाली म्हणजे इजा गंभीर. शुद्ध कितपत हरपली हे ती चोख सांगते. पण वर्गात लक्ष लागतं का, मित्र खेळायला घेतात का, राग आवरतो का, हे तिला विचारलेलंच नसतं.

ते विचारण्यासाठी वेगळी साधनं आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी यांची ‘पेड्सक्यूएल’ ही प्रश्नावली सर्वाधिक वापरातली. तिच्यात २३ प्रश्न: शरीराबद्दल ८, भावना, मित्र आणि शाळा यांबद्दल प्रत्येकी ५. अमुक गोष्ट गेल्या महिन्याभरात किती वेळा जड गेली, एवढंच विचारायचं. गुण ० ते १००. पाच वर्षांच्या पुढचं मूल स्वतः उत्तर देतं, पालकांसाठी वेगळा तक्ता असतो. ‘लहान पोराला काय कळतंय, आईला विचारा’ हा सल्ला इथे लंगडा पडतो. धावताना होणारा त्रास आईला दिसतो, म्हणून त्यावर दोघांची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात; भीती, उदासी, एकटेपणा यांवर ती फाटतात. शिवाय अपघातानं हादरलेल्या पालकाची काळजी त्याच्या उत्तरात उतरतेच.

यावर एक आक्षेप रास्त आहे: मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली असेल तर मुलाला स्वतःतला बदलच उमगत नाही, मग त्याच्या शब्दावर भिस्त कशी ठेवायची? म्हणूनच दोन्ही उत्तरं घ्यावीत, आणि त्यांतली तफावत चूक मानून पुसू नये. मूल ‘सगळं मस्त’ म्हणतं आणि आई रोजची भांडणं मोजते, तेव्हा उपचार करणाऱ्याला नेमका तिथेच धागा सापडतो. दुसरा आक्षेप असा की, कुठल्याही अपघातानंतर मूल खचणारच, त्यात मेंदूचा दोष किती? अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं म्हणूनच तुलनेला हाताला दुखापत झालेली मुलं घेतली. मेंदूची इजा मध्यम किंवा गंभीर असलेली मुलं त्यांच्या बरीच मागे होती.

राहता राहिली ‘कोवळा मेंदू लवकर भरून येतो’ ही समजूत. मार्गारेट केनर्ड यांच्या १९३० च्या दशकातल्या माकडांवरच्या प्रयोगांपर्यंत तिची मुळं जातात, आणि ती अगदीच निराधार नाही. पण मेलबर्नमधल्या विकी अँडरसन यांच्या कामातून उलट चित्र दिसलं: गंभीर इजा जितक्या लहान वयात, तितकी बहुधा बौद्धिक हानी अधिक. कारणही समजण्यासारखं आहे. नियोजन, आवर घालणं, दोन कामं एका वेळी सांभाळणं ही कौशल्यं त्या वयात अजून यायचीच असतात. उणीव दिसते ती शाळा आणि मित्र त्यांची मागणी करू लागले की. त्यामुळे पहिलीत भरलेली प्रश्नावली पाचवीत, आठवीत पुन्हा भरून घ्यायला हवी, भले पहिल्यांदा आकडे कितीही चांगले आलेले असोत.