रिचार्ज पुरा, नेट अपुरे

संध्याकाळी सातच्या सुमारास ठाणे, दिवा, डोंबिवली, कल्याण यांपैकी कोणत्याही स्टेशनावर उभे राहावे. बहुतेकांच्या हातात मोबाईल असतो आणि नेमके तेव्हाच नेट रेंगाळते. रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, परंतु व्हिडिओ अडतो, पैसे पाठविताना चक्र फिरत राहते. असे का होते व त्याची किंमत कोण मोजतो, हे आपल्या कुटुंबांनी समजून घेतले पाहिजे असे आम्हांस वाटते.

प्रत्येक टॉवरची क्षमता ठरलेली असते. त्याच्या टप्प्यातील सर्व फोन ती वाटून घेतात. चाळीत सकाळी सर्वांनी एकदम तोट्या उघडल्या की धार बारीक होते, तसाच हा प्रकार. काडी नळ असल्याचे सांगते. पाणी किती येईल ते सांगत नाही. २०११ च्या जनगणनेतच ठाणे शहर १८ लाखांवर व कल्याण-डोंबिवली १२ लाखांवर होते. त्यानंतर वस्ती वाढली आणि माणशी वापरही वाढला.

३१ जुलै १९९५ रोजी देशात पहिला मोबाईल कॉल झाला, तेव्हा येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. २०१४ साली एका जीबीला अडीचशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली, काही महिने सारे फुकट मिळाले व इतरांनाही दर पाडावे लागले. त्या स्पर्धेत काही कंपन्या बंद पडल्या, काही एकत्र झाल्या. मोजक्याच उरल्यावर डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ व जुलै २०२४ अशा दरवाढी झाल्या. लहरींचे लिलाव, टॉवर, फाइव्ह-जी यांचा खर्च मोठा आहे, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु तो भार कोणावर किती पडतो, ते पाहू.

जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा पॅक २३९ वरून २९९ रुपये झाला. मुदत २८ दिवसांची, म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. एका फोनचे ३,८८७ रुपये. घरात चार फोन असतील तर १५,५४८! त्याच वेळी २८ दिवसांत फक्त २ जीबी देणारा पॅक १८९ रुपयांचा झाला. बोलणे दोन्हींत अमर्याद. २९९ मध्ये ४२ जीबी मिळतात, म्हणजे जीबीला सुमारे ७ रुपये. १८९ वाल्यास ९४ हून अधिक. ज्याचा खिसा लहान, त्याला जीबी महाग! शिवाय रोजचा कोटा उरला तर मध्यरात्री संपतो. दिवसभर कामावर राबणाऱ्याच्या वाट्याला वापरायची वेळ येते ती रात्री, टॉवरवर सर्वाधिक गर्दी असताना.

फोन टाकून देता येत नाही. मुलांचा शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, नोकरीची जाहिरात, सारे त्यावरच येते. मग करावे काय?

एक, घरातील सर्व फोनांना एकच पॅक नको. नेट न वापरणाऱ्या आई-वडिलांसाठी फक्त बोलण्याचा पॅक ठेवण्याचे बंधन 'ट्राय'ने डिसेंबर २०२४ मध्ये घातले. जानेवारी २०२५ मध्ये ८४ दिवसांचे असे पॅक साडेचारशे ते पावणेपाचशे रुपयांत आले. दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही, मागावे लागते.

दोन, ३० दिवसांचा पॅक ठेवणे २०२२ पासून कंपन्यांना बंधनकारक आहे. दोन्हींचा वर्षाचा हिशेब मांडूनच निवड करावी.

तीन, नेट सतत अडत असेल तर १९८ वर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. दहा घरांनी एकाच टॉवरची तक्रार केली तर तिला वजन येते.

चार, विहाराच्या अभ्यासिकेत वर्गणीतून केबलची ब्रॉडबँड जोडणी घ्यावी. ती टॉवरच्या गर्दीत अडकत नाही व अनेक मुलांच्या अभ्यासास पुरते.

किराण्याच्या वहीत आपण तेल, साखर लिहितो. बंधू-भगिनींनो, या महिन्यापासून त्याच वहीत रिचार्जचीही एक ओळ लिहा.