१०० टक्के निकाल, पण छेद कुठाय?



दोन आठवड्यांपूर्वी एका ज्युनियरचा मेसेज आला. बीपीटीएचची इंटर्नशिप संपत आलेली, अमेरिकेला जायचं डोक्यात पक्कं. तिने तिथल्या एका विद्यापीठाच्या फिजिकल थेरपी प्रोग्रॅमच्या बातमीचा स्क्रीनशॉट पाठवला होता. फोटोत पदवीदान समारंभातली हसरी पोरं, आणि वर मोठ्या अक्षरांत: यंदाच्या बॅचचा लायसन्स परीक्षेचा निकाल १०० टक्के. खाली तिचा प्रश्न: "ताई, इथे सगळेच पास होतात. मग लोन काढून जायला हरकत नाही ना?"

मी "मस्तच गं" असं टाईप केलंही होतं. पण पाठवायच्या आधी थांबले, कारण माझ्या गाईड मॅडमचं एक वाक्य आठवलं. सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनमध्ये मी अशीच एक टक्केवारी झोकात दाखवली होती. मॅडमनी एवढंच विचारलं, "अंश दिसतोय. छेद कुठाय?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

आजची पोस्ट त्या छेदाबद्दल आहे. संशोधनाच्या तयारीत असाल तर अशी साधी बातमी नीट वाचता येणं हा फार चांगला सराव आहे. आणि माझ्या ज्युनियरसाठी तर तो लाखो रुपयांचा प्रश्न होता.

आधी परीक्षा समजून घेऊ

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट व्हायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, मान्यताप्राप्त प्रोग्रॅममधून पदवी. ही मान्यता देणाऱ्या संस्थेला 'कॅप्टी' म्हणतात. २०१६ पासून तिथली प्रवेश पातळीची पदवी 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी', म्हणजे डीपीटी, हीच आहे. दोन, 'एनपीटीई' ही राष्ट्रीय परीक्षा. तिचे गुण २०० ते ८०० या पट्टीवर देतात आणि ६०० ला पास. एकदा नापास झालं म्हणजे सगळं संपलं असं नाही. १२ महिन्यांत तीनदा आणि आयुष्यात एकूण सहा वेळा बसता येतं. लायसन्स मात्र प्रत्येक राज्य आपापलं देतं.

कॅप्टी प्रोग्रॅमकडून फक्त निकाल मागत नाही. तीन आकडे एकत्र मागते, तेही दोन वर्षांच्या सरासरीने: किमान ८० टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला पाहिजे, पदवीधरांपैकी किमान ८५ टक्के शेवटी परीक्षा पास झाले पाहिजेत, आणि किमान ९० टक्क्यांना नोकरी मिळाली पाहिजे. यातला 'शेवटी' हा शब्द लक्षात ठेवा. आणि आकडे तीनच का, हेही. बातमीत बहुतेक वेळा एकच येतो.

एकच बॅच, चार निकाल

आता एक काल्पनिक बॅच घेऊ. आकडे मी सोयीसाठी बनवलेत, हिशोब मात्र खरा आहे.

प्रवेश घेतला ५० जणांनी. पदवी मिळाली ४२ जणांना. ते ४२ जण परीक्षेला बसले. पहिल्या प्रयत्नात ३८ पास झाले, उरलेले चौघे दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात. आता निकाल किती?

- ४२ पैकी ४२ शेवटी पास: १०० टक्के.
- ४२ पैकी ३८ पहिल्या प्रयत्नात पास: सुमारे ९० टक्के.
- प्रवेश घेतलेल्या ५० पैकी ४२ शेवटी पास: ८४ टक्के.
- प्रवेश घेतलेल्या ५० पैकी ३८ पहिल्याच फटक्यात पास: ७६ टक्के.

चारही आकडे खरे आहेत. कुणीही खोटं बोललेलं नाही. पण बातमीत कुठला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मधल्या मध्ये गळालेले आठ जण पहिल्या दोन आकड्यांत कुठेच नाहीत. कुणाला विषय झेपले नसतील, कुणाचे पैसे संपले असतील, कुणाच्या घरी आजारपण आलं असेल. १०० टक्क्यांच्या हिशोबात ते जन्मलेलेच नाहीत. संशोधनाच्या भाषेत याला 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात: जे टिकले त्यांनाच मोजायचं, आणि निष्कर्ष सगळ्यांबद्दल काढायचा. कॅप्टी पदवी पूर्ण करण्याचा आकडा सोबत मागते तो यासाठीच उपयोगी पडतो. कच्चे विद्यार्थी आधीच बाहेर काढून निकाल सजवायचा म्हटलं, तर दुसरा आकडा घसरतो आणि ते दिसून येतं. म्हणून हे दोन आकडे नेहमी जोडीने वाचा.

लहान बॅचचं १०० टक्के

समजा 'अ' प्रोग्रॅममध्ये २४ पैकी २४ पास झाले आणि 'ब'मध्ये १०० पैकी ९६. कोण चांगलं? पटकन आपण 'अ' म्हणतो.

इथे 'तीनचा नियम' कामाला येतो. १९८३ साली हॅन्ले आणि लिपमन-हँड यांनी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात तो सोप्या भाषेत मांडला. 'न' जणांपैकी एकही जण नापास झाला नसेल, तर नापास होण्याची खरी शक्यता साधारण ३ भागिले 'न' इतकी असू शकते, आणि हे आपण ९५ टक्के खात्रीने म्हणू शकतो. म्हणजे २४ जणांच्या बॅचमध्ये कुणीच नापास झालं नाही, तरी खरी शक्यता ३ भागिले २४, म्हणजे १२ टक्क्यांच्या आसपास असू शकते. तोच विचार 'ब'ला लावला, तर चौघे नापास होऊनही ही वरची मर्यादा ९ टक्क्यांच्या आसपास येते.

याचा अर्थ 'ब' चांगलं असा नाही. अर्थ इतकाच, की 'अ'चं १०० टक्के हे 'ब'च्या ९६ पेक्षा वरचढ आहे असं छातीठोकपणे सांगायला २४ जण पुरेसे नाहीत. पुढच्या वर्षी 'अ'मध्ये दोघे नापास झाले की निकाल थेट ९२ वर येईल, आणि लोक म्हणतील कॉलेज बिघडलं. बिघडलं काहीच नसेल. लहान बॅचचे आकडे असे उड्या मारतातच. म्हणून एका वर्षाचा आकडा बघू नका, तीन-चार वर्षांचे एकाखाली एक लिहून बघा.

निकाल चांगला म्हणजे शिकवणं चांगलं?

हा प्रश्न शिक्षणाच्या संशोधनात फार जणांना फसवतो. निकाल चांगला यायला किमान दोन वाटा आहेत: शिकवणं चांगलं असणं, किंवा मुळात हुशार पोरं घेतलेली असणं.

२००७ साली उट्झमन, रिडल आणि ज्युवेल यांनी अमेरिकेतल्या अनेक फिजिकल थेरपी प्रोग्रॅमच्या विद्यार्थ्यांचा डेटा घेऊन हेच तपासलं, की प्रवेशाच्या वेळच्या माहितीवरून एनपीटीईत कोण अडखळेल याचा अंदाज येतो का. पदवीचा जीपीए आणि जीआरईचे गुण यांचा नापास होण्याच्या शक्यतेशी संबंध दिसला. म्हणजे प्रोग्रॅमच्या वर्गात पाऊल टाकण्याआधीच निकालाचा काही भाग ठरलेला असतो. दोन प्रोग्रॅमची तुलना करायची तर आधी हा फरक बाजूला काढावा लागतो, नाहीतर आपण शिकवणं मोजतोय असं समजून प्रवेशाची चाळणी मोजत बसतो.

त्यातही एक मेख आहे. ज्यांना प्रवेशच मिळाला नाही त्यांचे एनपीटीईचे गुण आपल्याकडे कधीच नसतात. आपल्याला दिसतात ते वरच्या थरातलेच विद्यार्थी, आणि त्यांचे जीपीए एकमेकांच्या जवळ असतात. फरकच कमी असला की संबंधही खऱ्यापेक्षा फिका दिसतो. याला 'रेंज रिस्ट्रिक्शन' म्हणतात. "आमच्या कॉलेजात बारावीच्या गुणांचा आणि पुढच्या निकालाचा काही संबंध नाही" असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा: बारावीला कमी गुण असलेले तुमच्याकडे आहेत तरी किती?

तुमच्या सिनॉप्सिससाठी एक धोक्याची सूचना

"विद्यार्थी पास का होतात" असा विषय घेऊन दरवर्षी कुणीतरी येतं. विषय छान आहे. पण तुमच्या कॉलेजचा निकाल १०० टक्के असेल तर तुमचा अभ्यास तिथेच संपला. सगळेच पास, मग तुलना कुणाशी करणार? ज्या चलात बदलच नाही त्याचं कारण शोधता येत नाही. लॉजिस्टिक रिग्रेशन चालवायला किमान काही नापास लागतात. आणि नापास फक्त तीन असतील तर मॉडेलमध्ये आठ-दहा कारणं कोंबून काही हाती लागणार नाही.

यावर उपाय आहेत. पास-नापास सोडून प्रत्यक्ष गुण घ्या, कारण ६०१ आणि ७८० दोन्ही 'पास' असले तरी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. किंवा चार-पाच बॅच एकत्र करा. किंवा गळालेल्यांवर अभ्यास करा. खरं सांगू? तो विषय कमी जण घेतात, कारण त्या लोकांना शोधून काढावं लागतं.

परत त्या स्क्रीनशॉटकडे

आता ज्युनियरचा प्रश्न. मी "मस्तच" पुसलं आणि तिला विचारलं, "तू कुठल्या कोर्सला जातेयस?"

ती पोस्ट-प्रोफेशनल कोर्सला अर्ज करत होती, म्हणजे आधीच फिजिओथेरपिस्ट असलेल्यांसाठीचा. बातमीतला निकाल मात्र प्रवेश पातळीच्या डीपीटीचा होता. कॅप्टीची मान्यता त्या प्रवेश पातळीच्या प्रोग्रॅमलाच असते. विद्यापीठ तेच, कदाचित प्राध्यापकही तेच, पण छेद वेगळा. भारतातून बीपीटीएच करून गेलेल्यांना आधी आपलं शिक्षण तिथल्या पदवीच्या तोडीचं आहे हे तपासून घ्यावं लागतं. एफसीसीपीटी ही असं मूल्यमापन करणारी एक संस्था. मग राज्याच्या बोर्डाची परवानगी, आणि मग एनपीटीई. परीक्षा तीच, पण अमेरिकेत शिकलेले आणि बाहेर शिकलेले यांचे निकाल वेगवेगळे मोजले जातात.

म्हणजे त्या १०० टक्क्यांत माझ्या ज्युनियरसारखी एकही मुलगी मोजलेली नव्हती. तो आकडा खरा होता, फक्त तिच्याबद्दल नव्हता.

तिने विद्यापीठाला मेल टाकला आणि नेमके प्रश्न विचारले. उत्तर सभ्य आणि स्पष्ट आलं: तो निकाल डीपीटीच्या बॅचचा आहे, तुमच्या कोर्सच्या विद्यार्थ्यांचा नाही. ती अजून जायचं म्हणतेय. पण लोनची रक्कम, परीक्षेच्या तयारीचा वेळ, मूल्यमापनात एखादा विषय कमी पडला तर काय, हे सगळं आता तिच्या वहीत लिहिलेलं आहे. स्क्रीनशॉट बघून जाणं आणि हे लिहून जाणं यात फरक आहे.

गृहपाठ

निकालाची बातमी अमेरिकेतली असो की तुमच्याच कॉलेजच्या गेटवरच्या फ्लेक्सवरची, हे पाच प्रश्न विचारा:

१. छेदात कोण आहे: प्रवेश घेतलेले, परीक्षेला बसलेले, की पदवी मिळालेले?
२. पहिला प्रयत्न की शेवटचा?
३. एकूण किती जण, आणि किती वर्षांचा आकडा?
४. आत येतानाच विद्यार्थी कसे निवडले होते?
५. यात माझ्यासारखं कुणी मोजलं गेलंय का?

पहिले चार प्रश्न तुम्हाला सिनॉप्सिसच्या वेळी वाचवतील. पाचवा घरच्यांनी लोनच्या कागदांवर सही करायच्या आधी विचारा. आपल्याकडच्या फ्लेक्सवर एटीकेटीवाले मोजलेले असतात की नाही, हेही एकदा तपासून बघा. उत्तर ऑफिसातल्या क्लार्ककाकांना पक्कं माहीत असतं.