वेळूचें व धामणीचें धनुष्य

सातारा जिल्ह्यांत गेल्या कांहीं वर्षांत धनुर्विद्येचें नांव पुन्हां घरोघर ऐकूं येऊं लागलें आहे. फलटण तालुक्यांतील सरडे गांवचे प्रवीण जाधव २०२१ सालीं टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत उतरले. साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनीं २०२३ सालीं बर्लिन येथें कंपाउंड प्रकारांत वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां त्यांचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. साहजिकच आतां शेतकऱ्यांचीं मुलेंही धनुष्य मागूं लागलीं आहेत. सामन्याचें उत्तम धनुष्य लाखांच्या घरांत जातें. परंतु आपल्या देशांत ‘इंडियन राउंड’ नांवाचा प्रकार वेळूच्या धनुष्यानेंच खेळतात, आणि वेळू तर आपल्या बांधावर उभा आहे. घरच्या सरावापुरतें धनुष्य घरींच करतां येईल. मात्र घाईनें केलेलें धनुष्य मुलाच्या तोंडासमोर तुटतें. म्हणून कृतीबरोबर तिचीं कारणेंही येथें देत आहों.

आशिया खंडांतील नांवाजलेलीं धनुष्यें आंखूड असून त्यांचीं टोकें पुढें वळलेलीं असत. मध्यें लांकूड, नेमबाजाकडील अंगास म्हशीचें शिंग, लक्ष्याकडील अंगास जनावराची तांत, व हीं सर्व सरसानें जोडलेलीं, अशी तुर्की व कोरियन धनुष्याची रचना. शिंग दाब व तांत ताण लांकडापेक्षां पुष्कळ अधिक सोसते. म्हणून चार फुटांचें धनुष्यही खोल ओढतां येई. पण सरस दमट हवेंत सुटतो. कोरियांत असलीं धनुष्यें उबदार, कोरड्या पेटींत जपून ठेवतात. उलट दमट जपानांत वेळूच्या व लांकडाच्या पट्ट्यांचें, सात फुटांहून लांब धनुष्य रूढ झालें. आपल्या खानदेशांतील भिल्लांचें धनुष्यही वेळूचेंच. सह्याद्रीच्या पावसांत आपणांसही हाच मार्ग योग्य. टोकांचा वळसा ठेवावा, पण आंखूडपणाचा मोह सोडावा. सव्वीस ते अठ्ठावीस इंच ओढीसाठीं निव्वळ लांकडाचें धनुष्य साडेपांच फुटांहून कमी लांब नसावें.

धनुष्य ओढलें म्हणजे लक्ष्याकडील अंग ताणलें जातें. त्यास पाठ म्हणूं. आपल्याकडील अंग दबतें; तें पोट. वेळूची साल ताण उत्तम सोसते, म्हणून ती पाठीस असावी. पोटास धामणीचें लांकूड घ्यावें. धामण हा वृक्ष सह्याद्रीच्या रानांत वाढतो. त्याचें लांकूड चिवट व लवचीक असल्यानें हत्यारांच्या दांड्यांस वापरतात. त्यास संस्कृतांत ‘धन्वन’ म्हणतात, यावरूनच त्याचा धनुष्याशीं संबंध दिसून येतो. २०१७ च्या कायदेदुरुस्तीनें रानाबाहेर वाढलेला वेळू ‘वृक्ष’ या व्याख्येंतून वगळला आहे. त्यामुळें बांधावरील बेट तोडण्यास पूर्वीची अडचण राहिली नाहीं. धामण मात्र वखारींतून घ्यावी, अगर वनखात्यास विचारून तोडावी. कोयना व चांदोली येथील रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्रप्रकल्पांत आहे. तेथून एक काठीही आणूं नये.

वेळू तीन-चार वर्षांचा, शक्य तर भरीव जातीचा, व मार्गशीर्ष-पौषांत तोडलेला असावा. कोंवळा वेळू वाळतांना आकसतो. तोडलेला वेळू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवावा. म्हणजे त्यांतील पिष्ट धुऊन जातें व भुसा पाडणाऱ्या किड्याचा उपद्रव कमी होतो. नंतर उभा चिरून सावलींत, वारा खेळेल असा ठेवावा. पाटण, जावळी, शिराळा या बाजूस वाळण्यास वेळ लागतो. माण, आटपाडी, जत येथें लवकर वाळतो, पण उन्हांत टाकल्यास तडकतो. अदमासावर न जातां दर आठवड्यास वजन करावें. लागोपाठ तीन आठवडे वजन घटलें नाहीं, म्हणजे वाळला असें समजावें. ओल्या लांकडाचें धनुष्य वांकलेलेंच राहतें, आणि फाजील सुकलेलें मोडतें.

वेळूची दीड इंच रुंदीची पट्टी काढून तिची आंतली बाजू रंध्यानें सपाट करावी. मध्यें पाव इंच जाडी पुरे. सालीस हत्यार लावूं नये. पेरें मुठीच्या दोन्ही बाजूंस शक्य तितकीं सारख्या अंतरावर यावीं. धामणीच्या पट्टीच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असाव्या. तिची जाडी मुठीपाशीं सव्वा इंच, पात्यांत अर्धा इंच, व टोकांकडे त्याहून कमी असावी. दोन्ही पट्ट्यांचीं शेवटचीं आठ इंच टोकें पाठीच्या बाजूस वळवावीं. वेळू गोंवऱ्यांच्या निखाऱ्यावर सावकाश तापवावा. धामण अर्धा-पाऊण तास वाफेवर धरावी. दोहोंसही एकाच सांच्यांत दाबून थंड होऊं द्यावें. तीस अंशांहून अधिक वळसा नको. आठवडाभर सुकल्यावर पाण्यास न जुमानणारा इपॉक्सी लावून पट्ट्या जोडाव्या, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनीं आवळून बांधाव्या.

आतां मुख्य काम. धनुष्य चांगलें होतें तें लांकूड कणखर म्हणून नव्हे, तर तें सर्वत्र सारखें वांकतें म्हणून. जोडींतील एक बैल अंग चोरूं लागला, तर सगळी ओढ दुसऱ्याच्या मानेवर पडते. पात्यांतील ताठ जागा तशाच अंग चोरतात व शेजारची बारीक जागा मोडते. म्हणून भिंतीवरील खुंटीवर मूठ टेकवून, सैल दोरी खालीं ओढून, दूर उभें राहून वांक पाहावा. जेथें ताठ दिसेल तेथेंच पोटाकडून कांचेनें खरवडावें. बारीक जागेस हात लावूं नये. दर खरवडणीनंतर वीस-तीस वेळां हलकेंच ओढावें, मगच पुन्हां पाहावें. ओढीचें वजन ठरलेल्या मर्यादेपलीकडे एकदांही नेऊं नये. नवशिक्या मुलास दहा-बारा किलो पुरे. प्रस्तुत लेखकानें पहिलें धनुष्य एका दुपारींच पुरें केलें, व तें त्याच सायंकाळीं मुठीच्या वर एक वीत मोडलें. दुसऱ्यास नऊ दिवस लागले. तें अद्याप चालतें.

दोरी तागाची, घट्ट पिळाची, मेण लावलेली असावी. ओढीच्या चौपट वजनाचें पोतें टांगून ती पारखावी. दोरी चढविल्यावर मुठीपासून तिचें अंतर सहा इंच ठेवावें. बाणाशिवाय ओढून दोरी कधींही सोडूं नये. बाणांत जावयाचा जोर अशा वेळीं धनुष्यांतच राहून तें फुटतें. काम झालें कीं दोरी उतरावी. पावसाळ्यापूर्वी जवसाच्या तेलाचा हात द्यावा. सालीचें एक कूस जरी उठलें, तरी त्या धनुष्यास रजा द्यावी. लक्ष्यामागें मातीचा उंच बांध असावा, व सरावाच्या वेळीं वडील माणूस जवळ असावा. हें साधन शिकारीचें नव्हे. १९७२ च्या कायद्यानें वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे.

आपल्या घरीं वेळूचें बेट व आठवड्यांतून एक मोकळी दुपार असेल, तर येत्या मार्गशीर्षांत एक काठी तोडून ठेवावी. उन्हाळ्याच्या सुटींत मुलाच्या हातीं कांच द्यावी, आणि ताठ जागा कोणती हें त्यासच ओळखूं द्यावें. नेम धरण्यापूर्वी सबुरी शिकलेला विद्यार्थी पुढें कोणतेंही धनुष्य हातीं घेण्यास योग्य ठरतो.