रिकाम्या पुंगळीचा हिशेब

दादरच्या कीर्ती महाविद्यालयात शिकत असताना एनसीसीच्या निमित्ताने रायफल हाती घेतलेल्या अंजली भागवत यांनी वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव करत 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफल प्रकाराची अंतिम फेरी गाठली, आणि गिरगावपासून परळपर्यंतच्या पट्ट्यातील पालकांना नेमबाजी हा आपल्याही मुलांचा खेळ असू शकतो असे वाटू लागण्यात या कामगिरीचा मोठा वाटा मानावा लागतो. खेळाची गोडी लागल्यानंतर मात्र या घरांपुढे खर्चाचा प्रश्न उभा राहतो. रायफल महाग असली तरी ती वर्षानुवर्षे टिकते, सुरुवातीला क्लबचीही वापरता येते. काडतूस मात्र झाडले की संपते आणि सराव वाढेल तसा त्याचा खर्च वाढतच जातो. म्हणूनच परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, अनेक हौशी नेमबाज वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरतात हे कळल्यावर, हा मार्ग आपल्याकडे का नसावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्राइमर म्हणजे आघाताने पेट घेणारी छोटी टोपी, पुंगळीत भरलेली धूरविरहित दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर टाचणीचा आघात प्राइमरवर होतो, त्याच्या ठिणगीने दारू पेटते आणि निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. या सगळ्यात प्राइमर, दारू आणि गोळी खर्ची पडते. पुंगळी तेवढी शाबूत राहते. चारही भागांत बहुधा तीच सर्वांत महाग असल्यामुळे ती साफ करून, फुगलेली असल्यास मूळ मापावर आणून, नवा प्राइमर, मोजून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवली, तर तयार काडतुसापेक्षा ते बरेच स्वस्त पडते. बचतीचा सारा आधार या एका गोष्टीवर आहे.

तरीही जिथे हे सर्रास चालते तिथेसुद्धा हिशेब वाटतो तितका सरळ नाही, कारण दाबयंत्र, साचे आणि अचूक तराजू यांची खरेदी आधी करावी लागते. समजा या साधनांना 60,000 रुपये पडले आणि प्रत्येक काडतुसामागे 30 रुपये वाचले, तर पहिली 2,000 काडतुसे केवळ साधनांची किंमत फेडण्यात जातात. साध्या दाबयंत्रावर तासाला 50 ते 100 काडतुसे होतात, म्हणजे या फेडीसाठी 20 ते 40 तास द्यावे लागतात, आणि तेही पूर्ण एकाग्रतेचे. कारण दारू ग्रेन या एककात, म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅमच्या पटीत, मोजली जाते आणि एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर बंदूक फुटून हात किंवा डोळा जाऊ शकतो. त्यात स्वस्त पडते म्हणून जास्त झाडले जाते, त्यामुळे महिन्याचा खर्च पूर्वीइतकाच राहतो, हाही तिकडचा नेहमीचा अनुभव आहे. दुर्मीळ किंवा फार महाग काडतुसे वापरणाऱ्यांना, तसेच आपल्या रायफलला जुळणारे काडतूस जमवून नेम सुधारू पाहणाऱ्यांना, पुनर्भरणाचा खरा लाभ होतो.

मुंबईच्या नेमबाजाला मात्र या हिशेबापर्यंत पोहोचताच येत नाही. 50 मीटर रायफल, 25 मीटर रॅपिड फायर आणि महिलांची 25 मीटर पिस्तूल या ऑलिंपिक प्रकारांत .22 लाँग रायफल हे काडतूस वापरतात, आणि 1887 सालापासून प्रचारात असलेले हे काडतूस रिमफायर जातीचे आहे. त्यात वेगळी टोपी नसते. पुंगळीच्या बुडाची कड आतून पोकळ असते आणि स्फोटक मिश्रण त्या पोकळीतच पसरवलेले असते. टाचणी ही कड चेपते, तेव्हा मिश्रण पेटते. झाडलेल्या काडतुसाच्या कडेवर टाचणीची खोच स्पष्ट दिसते, आणि चेपलेली ती पातळ कड पूर्ववत करून तिच्यात नवे मिश्रण भरणे घरी व्यवहार्य नाही. पुन्हा भरता येतात ती सेंटरफायर काडतुसे, म्हणजे ज्यांच्या बुडाच्या मध्यभागी बदलता येणारी टोपी असते ती. ऑलिंपिकमध्ये अशा काडतुसांचा 300 मीटर रायफल हा प्रकार 1972 नंतर उरलेला नाही.

दुसरी अडचण कायद्याची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, परवान्याशिवाय त्याच्या निर्मितीला मनाई आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. काडतुसे किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, याची मर्यादाही परवान्यावरच नोंदलेली असते. कायदा बाजूला ठेवला तरी, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे स्वयंपाकाचा गॅस आणि देवापुढचा दिवा दोन पावलांवर असतो, दारू आणि प्राइमर साठवण्याचा विचार शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवाशी खेळणारा ठरेल. काडतूसनिर्मिती महाराष्ट्राला नवी नाही; खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना 1964 पासून चालू आहे, परंतु ते काम त्या आवारांतच शोभते.

खरी बचत शोधायची तर ती न झाडलेल्या गोळ्यांमध्ये सापडते. स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा प्राथमिक फेरीच्या 60 आणि अंतिम फेरीच्या 44 अशा अवघ्या 104 गोळ्या गुणांसाठी मोजल्या गेल्या. त्या 104 गोळ्यांमागे वर्षानुवर्षांचा सराव असतो आणि त्या सरावाचा मोठा भाग गोळीविना होऊ शकतो. ड्राय फायरिंग म्हणजे काडतूस न भरता नेम धरणे, श्वास रोखणे आणि चाप सुटेपर्यंत रायफल हलू न देणे. 10 मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील काळे वर्तुळ 30.5 मिलिमीटर व्यासाचे असते, त्यामुळे तीन मीटर अंतरावरच्या भिंतीवर सुमारे नऊ मिलिमीटरचा काळा ठिपका लावला, तर डोळ्याला तो जवळपास तेवढाच दिसतो आणि लालबागच्या लहानशा खोलीतही सराव साधतो. मात्र खोलीत छरे नाहीत याची दरवेळी खातरी करून घ्यावी, खिडकी बंद ठेवावी, आणि .22 रायफल नुसती झाडल्यास टाचणी नळीच्या कडेवर आपटून ती बिघडू शकते, म्हणून प्रशिक्षकांना विचारूनच ती वापरावी. नळीवर बसवायच्या इलेक्ट्रॉनिक संवेदकाने नेमाची थरथर संगणकाच्या पडद्यावर रेषेत उमटते. तो महाग असला तरी क्लबने घेतला तर अनेकांना पुरतो.

नवशिक्यांसाठी एअर रायफल हाच सर्वांत शहाणपणाचा आरंभ आहे. नळीचा व्यास 4.5 मिलिमीटर आणि ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असेल तर भारतात तिला परवाना लागत नाही, शिशाचे छरे काडतुसांच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त पडतात, आणि शिवाजी पार्कजवळच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकातील रेंजसारख्या ठिकाणी ती हाताळता येते.

.22 कडे वळल्यानंतर मात्र सवलतीच्या दरातील दारूगोळा नाव झालेल्या खेळाडूंच्या वाट्याला आधी येतो, आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज असते ती मुले त्या यादीबाहेर राहतात. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना 1951 साली स्थापन करणाऱ्या गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाने जी अखिल भारतीय स्पर्धा भरते, तिच्या पात्रतेपर्यंत पोहोचण्याआधीच अनेक घरांची ऐपत संपते. क्लबांनी आपल्या शिकाऊ नेमबाजांची वर्षभराची गरज एकत्र नोंदवून घाऊक खरेदी करावी, आणि राज्याच्या क्रीडा खात्याने त्यांच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या काडतुसांना अनुदान द्यावे.