कपाशीतले खुजे ठिगळ : मुळे बघा, मग खत टाका



कपाशी दीड-दोन महिन्यांची झाली की काही रानांत मध्येच एखादे ठिगळ खुजे राहते. आजूबाजूची पऱ्हाटी कमरेला लागते, ही गुडघ्याच्या वर जात नाही. पाने बारीक, फिकट. ओल असूनही भर दुपारी झाडे माना टाकतात. आपण म्हणतो खत कमी पडले, आणि युरियाची मूठ टाकतो. गुण येत नाही, कारण दुखणे मुळाशी असते.

तेव्हा एक झाड कुदळीने मोकळे करून काढा. हिसका देऊन उपटू नका; बारीक मुळे तुटून जमिनीत राहतात, आणि खूण त्यांच्यावरच असते. मुळे बादलीत हलकेच खळबळा. गाठी दिसल्या तर ती गाठी करणारी सूत्रकृमी. पण गाठी नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. कपाशीवर मूत्रपिंडाच्या आकाराची दुसरी सूत्रकृमी येते, ती गाठ करीतच नाही. तिची मादी डोके मुळात खुपसते, बाकी अंग बाहेर ठेवते आणि चिकट पुंजक्यात अंडी घालते. त्याला माती धरते, म्हणून धुतली तरी मुळे मळकट दिसतात. साधारण 25 दिवसांत एक पिढी होते. शिवाय जखमी मुळांतून मर रोगाची बुरशी आत शिरते ती वेगळीच.

बीटी बियाणे बोंडअळीसाठी आहे, ह्या किडीला ते अडवीत नाही.

खात्री करायची तर ठिगळाच्या कडेची, मुळांसकट ओली माती घ्या. मधली नको, तिथे मुळे कुजून गेल्याने कीड कमी सापडते. चार-पाच जागची, वीतभर खोलीवरची माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, सावलीत ठेवा आणि कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत द्या.

मूत्रपिंडाकार सूत्रकृमी निघाली तर पुढच्या साली तिथे ज्वारी, मका किंवा भुईमूग घ्या. नगदी पीक सोडणे जिवावर येते, खरे आहे. मग निदान तेवढ्या ठिगळात तरी ज्वारी पेरा. तूर, मूग, चवळी मात्र नको. आपण कपाशीत तुरीच्या ओळी घालतो, पण ही सूत्रकृमी तुरीवरही पोसते. फरदड ठेवू नका. वेचणी संपताच पऱ्हाट्या मुळासकट काढा, उन्हाळ्यात खोल नांगरट करा. त्याने कीड घटते, संपत नाही. ती खोलवरही असते आणि कोरड्या मातीत तग धरते. लागवडीआधी निंबोळी पेंड मातीत मिसळल्यास मदत होते.

आणि नांगर-वखर त्या ठिगळात सर्वांत शेवटी घाला, नंतर फाळाची माती तिथेच खरडून काढा.